लाहौलचा हिवाळी रस्ता: दुपारी पाणी, रात्री काच

गोळेवाल्याच्या रंध्यावर घासला जातो तो बर्फ, फ्रीजच्या ट्रेमधला तोही बर्फ आणि डोंगरावर कापसासारखा उतरतो तोही बर्फच. मराठीत एका शब्दावर भागतं, कारण त्यावरून गाडी चालवायची वेळ आपल्यावर येत नाही. हिमाचल प्रदेशातल्या लाहौल खोऱ्यात ती दर हिवाळ्यात येते. तिथे ‘किती बर्फ पडला’ यापेक्षा ‘आत्ता रस्त्यावर आहे तो कुठला’ हा प्रश्न मोठा असतो. एकाच वळणावर, एकाच दिवसात, बर्फाची तीन रूपं बघायला मिळतात आणि तिन्हींवर चाक वेगळं वागतं.

आधी जागा समजून घेऊ. मनालीच्या उत्तरेला रोहतांग खिंड आहे, उंची 3,978 मीटर. तिच्या पलीकडे चंद्रा आणि भागा या नद्यांची खोरी, म्हणजे लाहौल. जिल्ह्याचं मुख्य ठिकाण केलाँग 3,000 मीटरच्या थोडं वर आहे. पूर्वी खिंड बर्फाने बंद झाली की लाहौल जवळपास सहा महिने तुटायचं. आजारी माणसाला बाहेर काढायला हेलिकॉप्टरचीच वाट बघावी लागे. 3 ऑक्टोबर 2020 रोजी 9.02 किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि खिंड टाळून खालून जाता येऊ लागलं. त्यानंतर पर्यटकांचा समज झाला की आता रस्ता बारा महिने उघडा. बोगद्यात बर्फ पडत नाही हे खरंच, पण त्याच्या दोन्ही तोंडांना लागणारे रस्ते उघड्यावर आहेत, आणि हिवाळ्यातली अडचण तिथेच होते.

इथला हिवाळी बर्फ मान्सूनचा नाही. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात डिसेंबर ते मार्च या काळात एकामागून एक हिमालयाला धडकतात. मधले दोन-चार दिवस लख्ख ऊन असतं. बर्फ, ऊन, पुन्हा बर्फ. पुढचं सगळं या आलटून-पालटून येण्यामुळे घडतं.

ताजा, कोरडा बर्फ फार हलका असतो. एक घनमीटरचं वजन साधारण 50 ते 100 किलो, बाकी नुसती हवा. म्हणून एक सेंटीमीटर पावसाइतक्या पाण्याचा बर्फ दहा सेंटीमीटर उंच दिसतो. दोन-तीन दिवसांत तो स्वतःच्या वजनाने बसतो आणि घनमीटरला 200 ते 300 किलो होतो. त्यावरून गाड्या गेल्या की दाबून आणखी घट्ट, पांढऱ्या फरशीसारखा होतो. आणि वितळून पुन्हा गोठला की निखळ बर्फ, 917 किलो, हवा जवळजवळ नाहीच. डांबरावर याचा पातळ थर बसला तर तो पारदर्शक असतो, खालचं काळं डांबर दिसतं आणि रस्ता नुसता ओला वाटतो. यालाच ‘ब्लॅक आइस’ म्हणतात. तो काळा नसतो, दिसतच नाही, हीच त्याची अडचण.

आता चाकाची पकड बघू. पकड म्हणजे गाडीच्या वजनाच्या किती पट घर्षण मिळतं तो आकडा. कोरड्या डांबरावर रबराची पकड 0.7 धरली, तर दाबलेल्या बर्फावर ती 0.2 च्या आसपास येते आणि काचेसारख्या बर्फावर 0.1 किंवा त्याहून कमी. ताशी 30 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सपाटीवर ब्रेक लावल्यापासून कोरड्या रस्त्यावर 5 मीटरमध्ये थांबेल, दाबलेल्या बर्फावर 18 मीटरमध्ये आणि काच-बर्फावर 35 मीटरमध्ये. हा झाला सपाट रस्त्याचा हिशेब. डोंगरात उतार असतो, आणि उतार पकडीतून थेट वजा होतो. 7 टक्के उतार म्हणजे शंभर मीटर चालल्यावर सात मीटर खाली. आपल्या घाटांत असा उतार कुणाच्या लक्षातही येत नाही. पण 0.1 मधून 0.07 वजा केले की हातात 0.03 उरतात. सपाटीवर ताशी 20 च्या वेगाने 16 मीटरमध्ये थांबणारी तीच गाडी उतारावर 50 मीटरहून जास्त घसरत जाते. उतार 10 टक्के असेल तर उरतं शून्य: उभी केलेली गाडीसुद्धा आपण होऊन सरकू लागते. आत कुणी नसताना हळूहळू खाली निघालेल्या गाड्यांचे व्हिडिओ बघून लोकांना हँडब्रेक ओढायचा राहिला असं वाटतं. हँडब्रेक ओढलेला असतो, चाकं फिरतही नसतात. अख्खी गाडी घसरगुंडीवर बसल्यासारखी निघालेली असते.

यात एक उलटी गोष्ट आहे. बर्फ जितका थंड, तितका तो कमी निसरडा. उणे 15 अंशांना पडलेल्या बर्फावर चाक बरंच धरून ठेवतं. शून्याच्या जवळ आलेल्या बर्फावर मात्र पाण्याचा सूक्ष्म पापुद्रा येतो आणि पकड पार जाते. म्हणजे पहाटेच्या कडाक्यापेक्षा ऊन नुकतं टेकतं ती वेळ, साधारण साडेनऊ-दहाची, जास्त वाईट. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवर पाय कसा जातो ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. इथे तीच अवस्था, फक्त पायाच्या जागी दीड टनाची गाडी.

मग दिवस असा जातो. दुपारी रस्त्यावरून डोंगराकडे सारून ठेवलेल्या बर्फाच्या ढिगातून पाणी सुटतं आणि रस्ता ओलांडून दरीकडे वाहतं. तीननंतर सूर्य कड्याआड गेला की तापमान भराभर उतरतं, संध्याकाळी पाच-सहापर्यंत ते पाणी जिथे आहे तिथेच गोठतं. त्यामुळे रस्ता सरसकट निसरडा नसतो. पन्नास मीटर कोरडं डांबर, मग आठ-दहा मीटरचा काचेचा पट्टा, पुन्हा कोरडं. चालक कोरड्या भागात सवयीने वेग धरतो आणि पट्ट्यावर फसतो. हे पट्टे कुठे असणार हे बऱ्यापैकी आधी सांगता येतं: डोंगराच्या सावलीतली उत्तरेकडची वळणं, जिथून ओघळ येतो तिथली बुजलेली मोरी, आणि पूल. जमिनीवरचा रस्ता खालच्या मातीची ऊब थोडी धरून ठेवतो. पुलाला खालून-वरून दोन्हीकडून गार वारा लागतो, म्हणून तो आधी गोठतो. अटल बोगद्याच्या उत्तर तोंडातून बाहेर पडलात की लगेच चंद्रा नदीवरचा पूलच लागतो. आत नऊ किलोमीटर कोरडा रस्ता, दिवे, चांगला वेग. बाहेर एकदम डोळे दिपवणारा पांढरा उजेड, काचेवर आतून धरलेली वाफ आणि चाकाखाली पूल. बोगद्याच्या शेवटच्या अर्ध्या किलोमीटरमध्येच वेग 20 वर आणावा आणि काचेवरची हवा आधीच चालू करावी.

या हिशेबामुळे खोऱ्यातली माणसं हिवाळ्यात महत्त्वाचा प्रवास साधारण अकरा ते तीन या वेळेत उरकतात. संध्याकाळी सहाला मनालीकडे परतायला निघणारी रांग बहुतेक पर्यटकांची असते.

रस्ता मोकळा करण्याचं काम सीमा सडक संघटना करते. 1960 साली स्थापन झालेली ही संघटना राष्ट्रीय महामार्ग सांभाळते. गावांकडे जाणारे फाटे मात्र राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असतात, आणि या वाटणीचा परिणाम पुढे दिसेल.

यंत्रं मुख्यतः तीन प्रकारची. पात्याचा डोझर बर्फ ढकलतो. लोडर किंवा जेसीबी तो उचलून टाकतो. आणि फिरत्या पात्यांचं स्नो कटर तो चिरून, नळीतून उडवून दूर फेकतं. बघायला तिसरं सगळ्यात झकास, पण त्याचे लाड फार. कोरड्या, बसलेल्या बर्फात ते सुरेख चालतं. ओला बर्फ नळीत चिकटतो आणि ती तुंबते. बर्फात दगड आला की पात्याचा एक मुद्दाम कच्चा ठेवलेला बोल्ट तुटतो, म्हणजे मोठा गिअरबॉक्स वाचतो. पण बोल्ट बदलायला उणे दहात हातमोजे काढावे लागतात आणि तेवढा वेळ मागची सगळी रांग थांबते.

अर्धा मीटर ताजा बर्फ पडला तर 7 मीटर रुंद रस्त्याच्या एका किलोमीटरवर साधारण 350 टन बर्फ होतो. हे काम थोड्या तासांचं. पण एका घळीतून हिमस्खलन येऊन फक्त 30 मीटर रस्त्यावर 5 मीटर उंच ढीग साचला, तर त्याचं वजन 500 टनांच्या पुढे जातं. तो भुसभुशीत नसतो. खाली येताना घुसळून, दाबून, थांबताच तो काँक्रीटसारखा आवळतो, आणि त्यात दगड, झाडं, कधी कठड्याचे तुकडे असतात. तिथे कटर बिनकामाचं. पोकलेनने चावून काढावं लागतं. म्हणून ‘बर्फ तर थोडाच पडला, मग रस्ता दोन दिवस बंद का’ या प्रश्नाचं उत्तर बहुधा एखाद्या घळीत असतं.

बर्फ कुठे टाकायचा यावर पुढचे दोन महिने ठरतात. डोंगराच्या बाजूला सारणं सोपं आणि चालकाला सुरक्षित. दरीची कड बर्फाखाली दिसत नाही, यंत्र खाली जायची भीती असते. पण डोंगराकडे सारलेला ढीग रोज दुपारी रस्त्यावर पाणी सोडतो आणि रोज रात्री काच बनवतो. शिवाय तो गटार आणि मोऱ्यांची तोंडं बुजवतो, म्हणजे पाण्याला जायला रस्त्याशिवाय जागाच राहत नाही. म्हणून जिथे खाली घर, शेत किंवा पाण्याचा पाट नाही तिथे दरीकडे टाकणं हेच बरोबर, आणि जिथे डोंगराकडे टाकणं भाग आहे तिथे निदान मोऱ्यांची तोंडं फावड्याने उघडी ठेवणं. माझ्या मते हिवाळ्यात एका नव्या यंत्रापेक्षा मोऱ्या उघड्या ठेवणारी चार माणसं जास्त अपघात वाचवतात. पण मोरी उघडली म्हणून कुणी फोटो काढत नाही.

पातं डांबराला घासून नेत नाहीत, चार-पाच सेंटीमीटर वर ठेवतात, नाहीतर डांबराचे पोपडे निघतात आणि पात्याची धार जाते. तेवढा थर मागे उरतो. त्या दिवशी ऊन मिळालं तर तो जातो. नाही मिळालं तर गाड्यांखाली दाबून पांढरी फरशी होते.

मीठ टाका, असं सगळे सांगतात. मिठाने पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो हे खरं. प्रयोगशाळेत 23 टक्के मिठाचं पाणी उणे 21 अंशांपर्यंत द्रव राहतं. रस्त्यावर मात्र साधं मीठ उणे 8-9 च्या खाली इतकं मंदावतं की उपयोग शून्य, आणि केलाँगची जानेवारीतली रात्र त्याहून सहज खाली जाते. त्यातही एक घोळ होतो. मिठाने वितळलेलं पाणी वाहून गेलं नाही, तर ते पातळ होत जातं आणि रात्री पुन्हा गोठतं; आधी खडबडीत असलेला पृष्ठभाग आता गुळगुळीत झालेला असतो. म्हणून मीठ टाकायची वेळ म्हणजे तापमान शून्याच्या थोडं खाली असताना, बर्फ बसायच्या आधी, चौरस मीटरला 10 ते 20 ग्रॅम. 4 मीटर रुंदीच्या एका किलोमीटरला 20 ग्रॅमने 80 किलो होतं. जाड थरावर पोतं ओतून काहीच साधत नाही. कॅल्शियम क्लोराइड जास्त थंडीत चालतं, पण महाग, आणि दोन्ही गाडीचा पत्रा खातात.

कडाक्यात उपयोगी पडते ती वाळू, म्हणजे 2 ते 4 मिलिमीटरची कोरडी कच. ती काही वितळवत नाही, फक्त सँडपेपरचं काम करते. चौरस मीटरला 150 ते 200 ग्रॅम लागते. बारीक मातीची वाळू चालत नाही. ती ओली होऊन चिखल आणि मग गोठून पुन्हा बर्फ होते. ढीग झाकून कोरडा ठेवला नाही तर सकाळी वाळूचाच दगड झालेला सापडतो. आणि ती टिकत नाही: थोडी चाकांनी उडते, उरलेली उन्हात तापून बर्फात रुतते आणि रात्री तिच्यावर नवा पापुद्रा चढतो. कालची वाळू आज दिसते पण धरत नाही, म्हणून रोज टाकावी लागते.

आता गावाकडे वळू. महामार्ग साफ करत गेलेला डोझर फाट्याच्या तोंडावर मीटरभर उंच बांध टाकून जातो. तो कुणाचाच नसतो: महामार्गवाल्यांचं काम झालेलं असतं, फाट्यावरचं यंत्र दोन दिवसांनी येणार असतं. तोवर बांध गोठून दगड होतो. त्याच दिवशी संध्याकाळच्या आत चार माणसांनी फावड्यांनी तो फोडला तर तासाभराचं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी पहार लागते. त्यात घरांची छपरं. लाहौलची जुनी घरं सपाट, मातीच्या धाब्याची. चौरस मीटरवर अर्धा मीटर बसलेला बर्फ म्हणजे 100 किलो, 40 चौरस मीटरच्या धाब्यावर 4 टन. तो प्रत्येक हिमवर्षावानंतर लाकडी फावड्याने खाली लोटावाच लागतो, आणि गल्ली अरुंद असेल तर तो खालच्या वाटेवरच पडतो. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी सगळी छपरं, मग रस्ता. उलट केलं तर तेच काम दोनदा.

हिमस्खलनाबद्दल थोडक्यात. 30 ते 45 अंश उताराच्या घळी सगळ्यात धोक्याच्या. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ साठत नाही, त्याहून सपाटीवर सहसा सुटत नाही. एका दिवसात 30 सेंटीमीटरच्या वर बर्फ पडला, किंवा वाऱ्याने एका अंगाचा बर्फ उचलून दुसऱ्या अंगावर रचला, की पुढचे एक-दोन दिवस जपायचं. मार्च-एप्रिलमध्ये वेगळा प्रकार: दुपारच्या उन्हाने भिजलेला जड बर्फ सुटतो. घळींच्या जागा ठरलेल्या असतात आणि गाववाल्यांना नावानिशी माहीत असतात. सरकारी अंदाज संरक्षण संशोधन विभागाची चंदीगडची संस्था देते. चालकासाठी नियम दोनच: घळीच्या तोंडाखाली कधीच उभं राहायचं नाही, फोटोसाठी तर नाहीच, आणि एका वेळी एकच गाडी ओलांडेल, मागची अलीकडे थांबेल. गाडलेल्या माणसाला जिवंत काढायचं तर पहिली 10-15 मिनिटं खरी. पुढे शक्यता वेगाने घसरते, म्हणजे मदत जवळच्याच माणसांनी करायची असते.

पुण्या-मुंबईहून स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे, म्हणून गाडीचंही सांगायला हवं. फोर बाय फोर गाडी चढायला मदत करते, थांबायला नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांचे चार चाकांवर असतात. बर्फात सगळ्यात आत्मविश्वासाने घसरतात त्या याच गाड्या. चाकांच्या साखळ्या इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांवर लावायच्या, म्हणजे बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या. अडकल्यावर नाही, अडकायच्या आधी सपाट जागा बघून लावा. साखळी पसरून चाकावर टाका, आतला आकडा आधी, मग बाहेरचा, ताण द्या, 50-100 मीटर चालवून पुन्हा आवळा. पुढच्याच चाकांवर साखळी असेल तर उतारावर मागची बाजू फिरू शकते, म्हणून पहिला-दुसरा गिअर, ब्रेक हलका. कोरड्या डांबरावर साखळ्या तुटतात आणि तुटलेली कडी चाकाच्या कमानीत शिरते, म्हणून बोगद्याआधी त्या काढायला हव्यात.

रेडिएटरमध्ये आपल्याकडे वर्षानुवर्षं साधं पाणी भरत राहतात. पाणी गोठताना 9 टक्के फुगतं आणि इंजिनचा ठोकळा फोडू शकतं. निघण्याआधी कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं करून घ्या. ते उणे 35 च्या आसपासपर्यंत टिकतं. साध्या डिझेलमधलं मेण कडाक्यात दाट होऊन फिल्टर बंद करतं. इंडियन ऑइलने 2019 साली उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं ते याच भागांसाठी. खाली मैदानात भरलेल्या टाकीवर रात्र काढू नका. वर पोहोचल्यावर स्थानिक पंपावर भरा. उणे 18 ला बॅटरीची ताकद जवळपास निम्मी होते. रात्री हँडब्रेक ओढू नका, त्याच्या तारेत पाणी गोठलं तर सकाळी सुटत नाही; गाडी सपाटीवर, गिअरमध्ये, चाकामागे दगड लावून ठेवा. काचेवर गरम पाणी ओतू नका, तडा जातो.

आणि रांगेत रात्र काढायची वेळ आलीच, तर पहिलं काम सायलेन्सरच्या तोंडाभोवतीचा बर्फ काढणं. तो बुजला की कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो, फक्त झोप येते. इंजिन तासाला दहा मिनिटंच चालू ठेवा, वारा लागत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी, आणि दर वेळी चालू करण्याआधी खाली उतरून पुन्हा ते तोंड मोकळं करा.